लेकराला नावं ठेवण्याआधी पाणी तपासू या



नवी सून घरी येते. तीन-चार महिन्यांत तिचा चेहरा उतरतो, ती लवकर थकते, काही बोललं की चिडते. शेजारची काकू लगेच सांगते, "हिला इथलं पाणी लागलं." शाळेतलं लेकरू पाढे विसरतं, तर कुणी म्हणतं, "त्या टोल्यावरचं पाणीच तसं." दोन गावांत भांडण झालं, तरी लोक म्हणतात, "पाण्याचा गुण आहे."

हे बोलणं आपण सगळ्याच लहानपणापासून ऐकत आलो. आज आम्ही ते जरा तपासून बघणार आहोत. पाण्यानं माणसाचं वागणं खरंच बदलतं का? थोडक्यात सांगायचं तर काही पाण्यानं बदलू शकतं. पण कोणत्या पाण्यानं आणि किती, हे डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेलाही कळत नाही. त्यासाठी तपासणीचा आकडा लागतो. तो आकडा हातात येईपर्यंत लेकराला 'ढ' म्हणायचं नाही आणि सुनेला 'कामचुकार' म्हणायचं नाही, एवढी विनंती आम्ही सुरुवातीलाच करतो.

आधी पाण्यात खनिज येतं कुठून, ते पाहू. आभाळातून पडणाऱ्या पावसाच्या पाण्यात खनिज जवळजवळ नसतं. ते जमिनीत मुरतं, खडकाच्या भेगांतून वर्षानुवर्षं फिरतं, आणि त्या खडकातलं थोडं थोडं आपल्यात विरघळवून घेतं. चहाची पत्ती पाण्यात जितका वेळ राहील तितका रंग जास्त उतरतो, तसंच हे. मूल, सिंदेवाही, नागभीड, सावली आणि पुढे गडचिरोलीकडे जमिनीखाली फार जुना ग्रॅनाईट आणि नाईस जातीचा खडक आहे. या खडकातल्या अभ्रकात आणि इतर खनिजांत फ्लोराईड असतं. पाणी या खडकात जास्त काळ राहिलं आणि त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी असला, तर फ्लोराईड पाण्यात उतरतं. म्हणून केंद्रीय भूजल मंडळाच्या यादीत फ्लोराईड जास्त सापडलेल्या जिल्ह्यांमध्ये चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, नागपूर, नांदेड ही नावं येतात.

याचा अर्थ आपल्या जिल्ह्यातली प्रत्येक हापशी खराब आहे असा नाही. एका गल्लीतल्या हापशीचं पाणी चांगलं आणि दुसऱ्या गल्लीतल्या हापशीचं वाईट, असंही असतं. भेग कुठून आली, बोअर किती खोल गेली, यावर ते ठरतं. म्हणूनच "आमच्या गावचं पाणी" असं सरसकट बोलता येत नाही. एकेक हापशी, एकेक विहीर वेगळी धरावी लागते.

आपल्या आज्या-पणज्या काय पीत होत्या? आपला भाग तलावांचा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं बांधलेले तलाव, माजी मालगुजारी तलाव, गावोगावच्या बोड्या. तलावाच्या खालच्या अंगाला उघडी विहीर असायची, तिचं पाणी गुंडात भरून आणायचं. हे पाणी जमिनीत फार खोल गेलेलं नसे, त्यामुळे त्यात खनिज कमी असे. पण त्यात दुसरा धोका होता. उघड्या पाण्यानं कॉलरा येई, हगवण येई, नारू होई. 1970 नंतरच्या काळात गावोगावी बोअर खोदल्या, हापश्या बसल्या, आणि या रोगांना मोठा आळा बसला. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण 1996 साली सापडला, त्यानंतर तो रोग देशातून गेला. हापशीचे हे उपकार विसरून चालणार नाही. पण काही ठिकाणी खोलातलं पाणी वर आलं, तेव्हा त्याच्यासोबत फ्लोराईडही वर आलं. कुणी मुद्दाम केलं नाही, पण तपासलंही नाही.

इथे एक फसवणूक होते, ती नीट लक्षात ठेवा. लोह जास्त असलेलं पाणी थोडा वेळ ठेवलं की तांबूस होतं, डाळ काळी पडते, पांढऱ्या कपड्यावर डाग पडतो. ते पाणी बायका नाकारतात. फ्लोराईडला मात्र रंग नाही, वास नाही, चव नाही. ते पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. मग आपण तांबूस पाण्याची हापशी सोडून लांबच्या स्वच्छ पाण्याच्या हापशीवर जातो, दोन गुंड डोक्यावर घेऊन येतो. त्या स्वच्छ पाण्यातच फ्लोराईड जास्त असू शकतं. लोहाचं पाणी दिसायला वाईट, पण फ्लोराईडइतकं घातक नसतं.

आता आकडा. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड एका लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरी सोय नसेलच तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही 1.5 चीच आहे. 1 मिलिग्रॅम म्हणजे किती? हजार लिटरच्या टाकीत 1 ग्रॅम, म्हणजे बोटांच्या चिमटीत मावेल इतकं. एवढ्याशा फरकानं बरंच काही बदलतं.

पण या आकड्यात आपल्या भागासाठी एक मेख आहे. असे हिशेब साधारण दिवसाला 2 लिटर पाणी पिणारा माणूस धरून करतात. आपल्या चंद्रपूरचा उन्हाळा 45 अंशांच्या वर जातो. तेंदूपत्त्याला जाणारी, मातीकामावर जाणारी बाई दिवसाला 4-5 लिटर पाणी सहज पिते. पाण्यात 1.5 मिलिग्रॅम फ्लोराईड असेल, तर 4 लिटरमध्ये तिच्या पोटात 6 मिलिग्रॅम गेलं. सावलीत बसून 2 लिटर पिणाऱ्याच्या पोटात 3 गेलं. पाणी तेच, पण राबणाऱ्या बाईच्या अंगावर भार दुप्पट. शिवाय आपलं मुख्य अन्न भात. भात शिजताना पाणी शोषून घेतो, त्या पाण्यातलं फ्लोराईडही त्यात राहतं. म्हणून पिण्याचं पाणी बदललं आणि स्वयंपाकाचं तेच ठेवलं, तर काम अर्धंच झालं.

फ्लोराईड अंगात काय करतं? आपल्या देशात हा रोग पहिल्यांदा 1937 साली नेल्लोर भागात नोंदला गेला. पहिली खूण दातांवर दिसते. लेकराचे कायमचे दात हिरडीच्या आत तयार होत असतात, साधारण आठ वर्षांपर्यंत. त्या काळात जास्त फ्लोराईड पोटात गेलं, तर दातांवर आधी खडूसारखे पांढरे पट्टे येतात, मग पिवळे, मग तपकिरी. हे पट्टे आडवे असतात आणि जोडीच्या दातांवर सारखे असतात. घासून जात नाहीत, कारण ते दाताच्या आत असतात.

आणि इथूनच वागण्याची गोष्ट सुरू होते. अशा दातांचं लेकरू हसताना तोंडावर हात ठेवतं. मुलगी मोठी होते तशी ओठ मिटून बोलायला शिकते, फोटोत हसत नाही. वर्गात उभं राहून वाचायला सांगितलं की मागे सरते. लोक म्हणतात, "दात घासत नाही, घाणेरडी आहे." पाहुणे बघायला आले की आईच्या पोटात गोळा येतो. ती मुलगी अबोल आहे, असं आपण म्हणतो. पण ती जन्मानं अबोल नसते, दातांच्या लाजेनं अबोल झालेली असते. तिच्या मेंदूत काही बिघडलं नसलं, तरी पाण्यानं तिचं वागणं बदललंच ना?

वर्षानुवर्षं जास्त फ्लोराईड जात राहिलं, तर ते हाडांत आणि सांध्यांत साठतं. मान वळत नाही, कंबर आखडते, उकिडवं बसता येत नाही. रोवणीला वाकणारी बाई सारखी उभी राहते, तर मुकादम म्हणतो काम चुकवते. दुखणं रात्रंदिवस असेल तर कोणाचा स्वभाव गोड राहील? काही लोकांना पोटात दुखणं, भूक न लागणं, सतत थकवा, असा त्रास आधी होतो. दिल्लीच्या डॉक्टर ए. के. सुशीला यांनी फ्लोराईडवर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या गटानं दिल्लीत गरोदर बायांच्या आहार-पाण्यातलं फ्लोराईड कमी केलं आणि पोषण सुधारलं, तेव्हा त्यांचं रक्त वाढलं आणि बाळांचं वजनही सुधारलं. 2010 साली हे काम छापून आलं. म्हणजे रक्त कमी असलेल्या बाईला फक्त गोळ्या देऊन थांबू नये, ती कोणतं पाणी पिते हेही विचारावं.

आता मेंदूचं. जास्त फ्लोराईडच्या पाण्यावर वाढलेल्या मुलांची बुद्धी मोजण्याचे अभ्यास अनेक देशांत झाले, सगळ्यात जास्त चीनमध्ये. हे सगळे अभ्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमानं एकत्र तपासले आणि ऑगस्ट 2024 मध्ये निष्कर्ष दिला की, लिटरला 1.5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराईड असलेल्या ठिकाणी मुलांचा बुद्ध्यंक कमी असण्याशी त्याचा संबंध दिसतो. ही खात्री त्यांनी 'मध्यम' अशी सांगितली. 1.5 च्या खालच्या पाण्याबद्दल असं म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही.

याचा अर्थ नीट समजून घ्या. हा फरक पुष्कळ मुलांच्या सरासरीत दिसतो. त्यावरून तुमच्या लेकराकडे बोट दाखवून "हा पाण्यानं ढ झाला" असं कोणी म्हणू शकत नाही. तशाच पाण्यावर वाढलेली हुशार मुलंही असतात. पण पूर्ण गावाच्या मुलांना एक पायरी खाली ठेवणारी गोष्ट जर पाण्यात असेल आणि ती काढता येत असेल, तर ती न काढणं हा आपला दोष. मुलांचा नाही.

फ्लोराईडशिवाय आणखी एक खनिज बघा, मँगेनीज. हे थोडं अंगाला लागतंच, धान्यातून मिळतं. पण पाण्यातून जास्त आलं तर मेंदूला त्रास होतो. जपानमध्ये विहिरीजवळ पुरलेल्या जुन्या सेलमधून मँगेनीज पाण्यात उतरलं, आणि ते पाणी पिणाऱ्या लोकांना सुस्ती, थरथर, मनाचा गोंधळ असा आजार झाला. 1941 साली त्याची नोंद प्रसिद्ध झाली. बांगलादेशात 8 ते 11 वर्षांच्या 201 मुलांचा अभ्यास 2011 साली छापला गेला. तिथे शिक्षकांना विचारलं की हे मूल वर्गात कसं वागतं? पाण्यात मँगेनीज जास्त असलेल्या मुलांमध्ये दोन तऱ्हा जास्त दिसल्या. काही गप्प, घाबरी, आतल्या आत राहणारी, तर काही मारकुटी आणि ऐकून न घेणारी. त्याच वर्षी कॅनडातल्या क्यूबेकमधल्या 362 मुलांच्या अभ्यासातही जास्त मँगेनीजच्या पाण्याशी कमी बुद्ध्यंकाचा संबंध दिसला. मँगेनीजचं पाणी ठेवलं की भांड्यावर काळपट थर धरतो. तसा थर दिसला तर तपासणीत मँगेनीज मोजायला आवर्जून सांगा. आणि बॅटरीचे जुने सेल विहिरीजवळ किंवा उकिरड्यात टाकू नका, लेकरांनाही सांगा.

पाण्यातलं खनिज नेहमी वाईटच करतं, असंही नाही. लिथियम नावाचं एक खनिज आहे. मनाच्या एका मोठ्या आजारावर ते औषध म्हणून चालतं, हे 1949 साली ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टर जॉन केड यांनी दाखवलं. काही ठिकाणच्या पाण्यात ते अगदी किंचित असतं. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या 27 काउंटींचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांचा, अभ्यास 1990 साली आला, आणि जपानमधल्या ओइता भागाचा 2009 साली. लिथियम जास्त असलेल्या ठिकाणी आत्महत्या कमी, असं तिथे दिसलं. पण 2017 साली डेन्मार्कमध्ये पूर्ण देशाचा अभ्यास झाला, त्यात असा संबंध सापडला नाही. म्हणून कोणी "मन शांत करणारं पाणी" म्हणून बाटली विकायला आला, तर घेऊ नका. लिथियमची गोळीही डॉक्टरांशिवाय कधी घेऊ नका. औषधाच्या मात्रेत ते चुकलं तर जीवावर बेततं. आणि विदर्भातल्या आत्महत्यांचं खापर पाण्यावर फोडू नका. कर्ज, नापिकी, दारू, घरातला मार, ही कारणं समोर असताना पाण्याकडे बोट दाखवणं म्हणजे माणसाच्या दुःखाकडे पाठ फिरवणं.

तसंच लेकरू वर्गात पेंगतं, सून थकते, यामागे पाण्याशिवाय बरीच कारणं असतात. रक्त कमी असणं, पोटात जंत, डोळ्यांचा नंबर, ऐकू कमी येणं. आपल्या भागात सिकलसेलही आहे. सुनेच्या बाबतीत तर आणखी एक कारण असतं. नवं घर, पहाटेपासूनचं काम, आणि आपलं म्हणणारं कोणी नाही. पाणी तपासायचं ते यांच्यासोबत, यांच्याऐवजी नाही.

मग करायचं काय?

पहिलं काम, तपासणी. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायचं शिकवून त्यांच्या हाती तपासणी पेटी द्यायची, अशी तरतूद आहे. तुमच्या गावात त्या पाच कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा. पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि आलेला रंग तक्त्याशी जुळवायचा, इतकं ते सोपं. पेटीत फ्लोराईड जास्त दिसलं तर नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ही तपासणी होते, आणि गावातला जलसुरक्षक नमुना पाठवण्यात मदत करतो. सुरुवात शाळेच्या आणि अंगणवाडीच्या हापशीपासून करा, कारण ज्यांचे दात आणि मेंदू घडत आहेत ती लेकरं तिथलं पाणी पितात. "पाणी चांगलं आहे" एवढ्या तोंडी उत्तरावर थांबू नका. "फ्लोराईड किती आलं?" असा आकडाच विचारा आणि ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा.

दुसरं, आकडा जास्त आला तर पाणी वाटून घ्या. फ्लोराईड कातडीतून अंगात जात नाही. त्या हापशीवर आंघोळ करा, धुणी-भांडी करा. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी मात्र कमी फ्लोराईडचं पाणी आणा. जनावरांनाही हेच लागू. बैलाचे दात लवकर झिजतात, तो लंगडतो, यामागेही फ्लोराईड असू शकतं. जुनी उघडी विहीर असेल तर तिचं पाणीही तपासून घ्या. गाळ काढून, बांधून, नियमित ब्लिचिंग पावडर टाकून ती पुन्हा वापरता येते. छतावरचं पावसाचं पाणी स्वच्छ साठवलं तर त्यात फ्लोराईड फार कमी असतं.

तिसरं, उकळून फ्लोराईड जात नाही. उलट पाणी आटतं आणि फ्लोराईड तेवढंच राहतं. उकळल्यानं जंतू मरतात, म्हणून जंतूंसाठी उकळा. तुरटी फिरवून, साध्या गाळणीनं किंवा दिव्याच्या यंत्रानंही ते जात नाही. आरओ यंत्रानं जातं. नागपूरच्या नीरी संस्थेनं तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडर वापरून फ्लोराईड काढायची 'नालगोंडा' पद्धत तयार केली आहे. पण तिचं प्रमाण प्रत्येक पाण्याला वेगळं लागतं, ते तपासणीवरून जाणकारानं ठरवून द्यावं. अंदाजानं करू नका.

चौथं, ताट. अंगात कॅल्शियम पुरेसं असलं तर फ्लोराईडचा मारा कमी होतो. दूध-ताक, तीळ, नाचणी, शेवग्याचा पाला, बोडीतले काट्यासकट खायचे लहान मासे. आवळा-लिंबूही असू द्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं शाळकरी मुलांना रोज 10 ग्रॅम चिंच देऊन पाहिलं, तर लघवीवाटे जास्त फ्लोराईड बाहेर पडलं. आपलं चिंचेचं सार काही वाया जात नाही! काळा चहा, काळं मीठ आणि सुपारी मात्र कमी करा, त्यातून फ्लोराईड आणखी वाढतं. आणि सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त अंगावरचं दूध. आईच्या दुधात फ्लोराईड अगदी कमी उतरतं. वरचं पाणी पाजायची गरज नाही.

मराठीत 'पाणी जोखणं' म्हणजे समोरच्या माणसाची कुवत ओळखणं. आपण आजवर माणसांचं पाणी जोखत आलो. कोण ढ, कोण आळशी, कोण चिडकी. आता एकदा खरोखरचं पाणी जोखून बघू. या आठवड्यात तुमच्या शाळेच्या हापशीचा आकडा विचारा, कागदावर लिहा, आणि आम्हाला कळवा. आम्ही तो कार्यक्रमात वाचून दाखवू. आणि तोंडावर हात ठेवून हसणारी एखादी मुलगी दिसली, तर तिला सांगा, "बाई, यात तुझा काही दोष नाही. हात खाली घे आणि मोकळं हस."

येतो मैत्रिणींनो, नमस्कार.